बॅटरीशेजारची जागा

गाडीच्या बॅटरीच्या टोकांवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या थरावर खायच्या सोड्याचं गरम पाणी ओतलं, की फसफसून एक आंबूस वास वर येतो. हा वास कुणाला आवडावा असं त्यात काही नाही. मला मात्र त्यातून माझे सासरे दिसू लागतात, त्यांच्या शेजारी धाकटी जाऊ दिसते, आणि जुनं काहीतरी पुन्हा जागं होतं. मत्सरच तो, त्याला गोड नाव कशाला द्यायचं?

राहुरीकडच्या थंडीत, उसावरचा गारठा अंगणात उतरला की आमची पिकअप हटकून रुसायची. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मोतीबिंदू वाढत चालला होता, बॅटरी तपासायच्या मीटरवरचे आकडे त्यांना दिसत नसत. म्हणून त्यांनी डोळे उसने घेतले ते धाकटीचे. ती शास्त्र शिकलेली, मी आपली भाकरीला बरी. बॉनेट उघडून दोघं शेजारी शेजारी वाकत. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. सुरू केल्यावर आकडा चौदाकडे गेला तर चार्जिंग होतंय. बाराशीच रेंगाळला तर बॅटरीला बोल लावू नकोस, तिला चार्ज करणाऱ्या डायनामोचा पट्टा बघ, असं मामा तिला सांगत. एरवी दोन शब्दांत घर चालवणारा हा माणूस तिच्यापाशी किती बोलायचा! स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडते. तव्यावरच्या भाकरीआधी मीच करपायचे म्हणा ना.

एकदा जाऊ माहेरी संगमनेरला गेलेली. म्हैस घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघायचं, तर पिकअप नुसती टक् करून गप्प. चौघांनी ढकलून सुरू केली. बॅटरीच गेली, बाजार राहू द्या, मामा म्हणाले. धाकली असती तर आकडा तरी बघितला असता. मी तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तांब्या खाली ठेवला आणि मीटर उचलला. गाडी चालू असूनही आकडा बारावरून खाली घसरत होता.

"बॅटरी न्हाई मामा, चार्जिंगच होत न्हाई. पट्टा बघा."

पट्टा ढिला निघाला. गाडी बंद करून तो ताणला, पुन्हा ढकलली, आणि आकडा चौदाकडे चढला. मामा माझ्याकडे वळले.

"हे तुला कुनी शिकवलं?"

"तुमीच की. तिला शिकवताना."

आता आपलाही नंबर लागणार, असं वाटून मी दिवसभर हवेत होते. झालं भलतंच. त्यानंतर गाडी रुसली की मामा ओसरीवरूनच सांगत, थोरलीला येतंय सगळं, आणि गोठ्याकडे निघून जात. ज्याला येतं त्याच्या शेजारी कोण कशाला वाकेल? धाकटी परतल्यावर तिचे धडे मात्र चालूच राहिले.

मामा आता नाहीत. जाऊ पुण्याला असते. मध्यंतरी तिची गाडी बंद पडली, तेव्हा तिने मलाच फोन केला. मी विचारलं, तुला तर मामांनी सगळं शिकवलं होतं ना? ती हसली. म्हणाली, "ताई, त्यातलं आता काहीच आठवत नाही. मामा त्यांच्या लहानपणीचं काय काय सांगायचे, तेवढं लक्षात आहे."

मामांना लहानपण होतं, हे मला त्या फोनवर कळलं.