चिकटवलेला जबडा

“बाई, ह्यो जबडा चिकटवलेला हाय!” मी तो कॉलेजातल्या मॅडमच्या टेबलावर ठेवला. “माझी नात साधी बघून तिच्या गळ्यात मारला व्हय?”

“आजी, तो अस्सल हाडाचा आहे.”

“हाडाचाच हाय की! पर दोन हाडं हायती. सांधली कुनी?”

हसू नका, आधी ऐका. एवढा मोठा मूर्खपणा करायलाही अभ्यास लागतो, आणि माझा तो दांडगा होता.

माझी नात सोनल सांगलीला दातांची डॉक्टर व्हायला शिकते. दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती. तोंडी म्हटलं की पोरीची दातखीळ बसते. त्यापायी एकदा नापासही झालेली. म्हणून मी वडूजहून तिच्या खोलीवर येऊन बसले. बघते तर, कॉलेजातून सही करून आणलेला माणसाचा खालचा जबडा उशाशी!

मी शाळेची पायरी चढले नाही. पोरांच्या पाटीवर अक्षरं गिरवून शिकले. पण जबड्याचं मला कोण शिकवणार? उभा जन्म मेंढरांत गेला. दात बघून मेंढीचं वय सांगते. आणि मुंडी शिजली की जबड्याचे हनुवटीपाशी दोन भाग अलग होतात, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं.

हा मात्र अखंड! त्यात हनुवटीवर मधोमध उभा कंगोरा. डिंकाचा ओघळच की! ऊन पाण्यात बुडवून बघितला, सुटेना. म्हटलं, लबाडांनी डिंकही भारीतला वापरलाय. सोनल नको नको म्हणेपर्यंत मी रिक्षात बसलेसुद्धा.

आता ती माझा पदर ओढत होती. “आज्जी, चल की गं! उद्या ह्याच मॅडम माझी परीक्षा घेणार हायत!”

“मग बरंच झालं. आज त्यांची मी घेते!”

मॅडमनी चष्मा काढला. “सोनल, तूच सांग आजींना. हा उभा कंगोरा कसला?”

सोनलनं माझा पदरच तोंडात कोंबला.

“बघा! तिला बी ठावं न्हाई. चिकटवलाय, दुसरं काय?”

आणि पोरीला वाचा फुटलीच की हो!

“आज्जी, गप की जरा! मेंढराचा जबडा दोन तुकड्यांचाच ऱ्हातो. मानसाचा जन्मताना दोन असतो, मग वर्षभरात मधोमध सांधतो. त्याचीच ही खूण! हे भोक बघ, हितनं हनुवटीची नस भाईर येती. हा मागचा कोपरा, चावताना फुगतो तो स्नायू हितं धरलेला असतो. आन् ही वरची गोटी कानाफुडं बसती. तोंड उघडून बोट लाव, हलती का न्हाई?”

मी कानापुढं बोट लावलं. हलली.

“उद्या अशीच बोल, सोनल,” मॅडम म्हणाल्या. “आजी, आता पटलं?”

पटलं म्हणायचं? मी? अहो, मेंढ्यांच्या मोडलेल्या तंगड्या बांबूच्या कामट्या बांधून मी सांधल्यात. मी तावातावानं शेवटचा दगड भिरकावला, आणि भांडण तिथंच संपलं:

“कसं पटंल, बाई? हाड सांधायचं तर ते हलू देत न्हाईत, आन् माझा जबडा तर जन्मल्यापासनं एक घडी थांबलेला न्हाई, मग त्यो सांधला कवा?”