पस्तीस मिनिटांची तासिका

कोपरखैरण्याच्या नव्या वसाहतीत येऊन आम्हांला दोनच वर्षे झाली होती, तेव्हा माझे यजमान हृदयविकाराने गेले. दिवसकार्य आटोपताच धाकट्या दिरांनी निर्णय सांगितला. "वहिनी, नोकरी सोडा, गावी चला. बाईमाणसानं ह्या खाडीच्या चिखलात एकटं राहायचं?"

मी शिक्षिका. सत्र अर्ध्यावर सोडणार नाही, असे मी म्हणाले.

"मग दिवाळीला न्यायला येतो."

पण मला वर्गातच रडू येई. अपूर्णांक लिहिताना खडू फळ्यावर थांबे. असे चालले तर नोकरी टिकणार नव्हती, आणि नोकरीविना घरही. दवाखान्यात आठवड्यातून एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई येत. त्या म्हणाल्या, "रडणं दाबू नका. त्याला रोज ठरावीक वेळ द्या."

वेळापत्रक हा तर माझा प्रांत. आमच्या शाळेची तासिका पस्तीस मिनिटांची. म्हणून सायंकाळी सव्वासहा ते सहा पन्नास. खोलीचे दार बंद, समोर गजराचे घड्याळ, मांडीवर यजमानांचा जेवणाचा डबा. एरवी डोळे भरून आले की मी स्वतःला बजावी, सव्वासहाला.

शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठले. "बाई, तुमच्या डोळ्याला पाणी कसं नाही हो?"

"सव्वासहाला या. दिसेल."

चूक मात्र शिक्षकालाच शोभेल अशी केली. दिवाळीपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण होईल, असे गृहीत धरले. सुट्टी लागली, रडू उरलेच. डॉक्टरीणबाई हसल्या. "हा विषय एका सत्राचा आहे, असं कुणी सांगितलं तुम्हांला?"

ठरल्याप्रमाणे दीर आले, रिकामी ट्रंक घेऊन. "भरा सामान. काकू सांगत होत्या, तुम्ही अजून दार लावून रडता. ही काय एकटं राहायची लक्षणं?"

"भावोजी, रडते म्हणूनच राहू शकते. सत्रभर एक खाडा नाही. शाळेचं मस्टर बघा. मी येणार नाही."

सव्वासहा झाले. मी डबा घेऊन खोलीत गेले. दीर उंबऱ्यात घुटमळले. भाऊ गेल्यापासून त्यांना रडताना कुणी पाहिले नव्हते.

"दादाचा डबा ना? मी बसू?"

"बसा. गजर झाला की उठायचं."

गजर झाल्यावर त्यांनी तोंड धुतले आणि हलकी ट्रंक उचलली. "होळीला परत विचारीन, वहिनी."

"विचारा," मी म्हटले आणि घड्याळाला किल्ली दिली. "उत्तर हेच असेल."