कोतवाल आबा

"कोतवाल म्हंजे काय, ठाऊक शे का?" सोनगीरच्या चावडीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला कोतवाल आबा हा प्रश्न विचारायचे. मी धुळ्याहून तलाठी म्हणून रुजू झालो, तेव्हा मलाही खुर्चीत नीट बसू न देता विचारला. मी म्हणालो, "तलाठ्याचा मदतनीस." आबा मनापासून हसले.

मग त्यांनी खिडकीबाहेर दिसणाऱ्या किल्ल्याकडे बोट दाखवलं. "कोट म्हंजे किल्ला. त्याले राखे तो कोटपाल. त्याना कोतवाल व्हयना." किल्ला पाहायला आलेल्या देवपूरच्या एका प्राध्यापकांनी त्यांना हे सांगितलं होतं. पुढे मोठमोठ्या शहरांचा बंदोबस्तही कोतवालाकडे असायचा, हेही. प्रत्यक्षात आबांचं काम काय, तर चावडी झाडायची, नोटिसा पोचवायच्या, साहेबांना पाणी द्यायचं आणि डफडं वाजवत गल्लोगल्ली दवंडी द्यायची. एवढ्या मोठ्या हुद्द्याची अशी घसरण झालेली, पण आबा चालायचे मात्र ताठ.

हंगामात खळ्यावर जाऊन धान्य मागायची कोतवालाची जुनी रीत. आबांच्या वडिलांनी ते जन्मभर मागितलं. घर बौद्ध झालं आणि आबांनी ते बंद केलं. "मी सरकारना माणूस शे आप्पा, पगार लेस," मला म्हणायचे. गावातले काही जण त्याला माज म्हणत. म्हणोत बापडे.

त्यांची मुलगी शोभा नर्सिंग शिकून घरी आली आणि नरडाण्याचं चांगलं स्थळ चालून आलं. पोरगा शिकलेला, शोभालाही पसंत. मध्यस्थानं बजावलं होतं, 'महसूल खात्यात आहे' एवढंच सांगा. नेमकी पाहुणे बघायला यायच्या दिवशीच पोलिओ डोसची दवंडी निघाली. पाहुणे घरी येऊन बसले, तरी आबांच्या गळ्यात डफडं. मी म्हणालो, "आबा, ते इथं चावडीतच ठेवून जा."

"आज आपण झाकसू," आबा शांतपणे म्हणाले, "मंग पोरगीले तठे जनमभर झाकनं पडी."

डफड्यासकट घरी गेले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, काय करता? आबांनी कोटापासून दवंडीपर्यंत सगळं सांगितलं. पाहुण्यांनी चहा घेतला, 'कळवतो' म्हणाले. चार दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला. मला आबांचा भयंकर राग आला होता.

तरी पुढच्या दवंडीला मीही बरोबर निघालो. बाकी गावात दवंडी नेहमीसारखी झाली. स्वतःच्या गल्लीत शिरल्यावर मात्र आबांचा हात ढिला पडला. डफडं जेमतेम वाजलं, शब्द तोंडातल्या तोंडात. स्वतःच्या दाराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

शोभा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"आबा," ती म्हणाली, "जोरमा सांगा. आठे काहीच ऐकू येत नही."