टिटवी वर बसली त्या साली

दोन हजार तेवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, आणि जून निम्मा सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. सही करतो, पेपरातली मोठी अक्षरं वाचतो. पण पाऊस कधी आणि किती, हे गावानं आमच्या घरी विचारायचं ही रीत माझ्या बापापासूनची. पेरणीच्या आधी लोक येऊन म्हणायचे, "बापू, औंदा टिटवी कुठं बसलीया?" टीव्हीवर काय सांगितलं ते नंतर.

नात चौथीत होती. शाळा उघडली त्याच आठवड्यात ती गुरुजींना सांगून आली की आमच्या आबांना जनावरांवरनं पाऊस कळतो. गुरुजी तुळजापूरहून मोटरसायकलवर ये-जा करणारा तरणा माणूस. ते स्वतः घरी आले.

"आबा, पोरांना तासभर सांगाल का?"

मी म्हणालो, बघू. आणि ते गेल्या गेल्या सुनेला धोतर धुवायला दिलं.

वर्गात मी पोरांना सोपं करून सांगितलं. मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून भिंतीवर चढायला लागल्या की पाऊस जवळ आला, कारण त्यांचं घर जमिनीखाली, पाणी आधी त्यांच्या घरात शिरतं. चिमण्या धुळीत लोळून न्हायला लागल्या की पाऊस. कावळ्यानं आंब्यावर घरटं केलं तर साल चांगलं, बाभळीवर केलं तर कोरडं. मग टिटवी. टिटवी झाडावर बसत नाही, काड्याही गोळा करत नाही. उघड्या खड्यांत अंडी घालते, खड्यांच्याच रंगाची. पाय पडला तरी दिसत नाहीत. ओढ्याच्या पोटात घातली तर समजायचं, औंदा ओढा वाहत नाही. बांधावर घातली तर मध्यम. उंचावर घातली तर पाणी लई येणार, म्हणून ती आपली पिल्लं आधीच वर नेते. आणि जितकी अंडी टोक खाली करून ठेवलेली, तितके महिने पाऊस.

"औंदा कुठं घातलीत?" पुढच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं.

"आमच्या शेताच्या कडंला, ओढ्याकाठच्या ढिगाऱ्यावर. दोन पुरुष उंच. चार अंडी, चारींची टोकं खाली. आठ दिवसांत ओढ्याला पाणी येतंय का न्हाय बघा."

गुरुजी फोनमध्ये बघत हळूच म्हणाले, "आबा, टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते म्हणे."

"तुमच्या फोनातली घालत असंल."

पोरं हसली. गुरुजीही हसले. मला बरं वाटलं. तिथंच उठून घरी यायला पाहिजे होतं. पण गुरुजींनी फळ्यावर रकाने पाडले: प्राणी, खूण, आठ दिवसांत काय झालं. प्रत्येकानं बघून लिहायचं, आणि पालकसभेत माझ्या नातीनं आपली वही सगळ्यांपुढं वाचायची. मी तोऱ्यात म्हणालो, "लिहा, लिहा. सगळं बरोबरच निघंल."

दोनच दिवसांत न्हाणीच्या भिंतीवर मुंग्या अंडी घेऊन निघाल्या. मी हाक मारून नातीला बोलावलं. तिनं लिहून घेतलं, मग खाली वाकून बघितलं.

"आबा, आईनं कपड्याचं पाणी इथंच ओतलंय."

"मुंगीला पावसाचं पाणी आणि कपड्याचं पाणी वेगळं कळतं."

"बरं. पण पाऊस न्हाय आला तर मी फुली मारणार."

फुली मारली तिनं. मग चिमण्या धुळीत न्हाल्या आणि त्या दुपारी चार थेंब पडले. मी म्हणालो, हे घे, बरोबरची खूण कर. ती अंगणात जाऊन परत आली. म्हणाली, माझी चप्पलसुद्धा भिजली न्हाय. शेवटी तिनं अर्धी खूण केली. अर्धी खूण म्हणजे काय असते ते मला अजून कळलेलं नाही.

इकडं पोरांनी माझं बोलणं घरोघर पोचवलं होतं. सकाळी डेअरीवर दुधाचा कॅन घेऊन गेलो की रांगेतला एक जण मुद्दाम वर आभाळाकडं बघायचा. "बापू, टिटवीला एवढं सांगा, गुडघाभर पाणी तरी सोड म्हणावं. म्हशी धुवायच्यात." बाकीचे माना खाली घालून हसायचे. चहा न घेता घरी यायचो आणि सुनेवर चिडायचो की चहा का नाही टाकला.

आठवा दिवस कडक उन्हात उगवला आणि तसाच कलला. दुसऱ्या दिवशी सकाळी सभा. नात वही घेऊन ओट्यावर बसली होती. मी चष्मा लावून बघितलं. बाकीच्या फुल्या निळ्या होत्या. टिटवीपुढची लाल पेनानं मारलेली.

"ही जागा मोकळी ठेव," मी म्हणालो. "टिटवीला अजून वेळ दे."

"आठ दिवस तुम्हीच म्हणला होता."

"उद्या सगळं गाव बसणार तिथं. एवढ्या वर्षांचा माझा शब्द हाय, एका फुलीनं घालवतीस का?"

"मग मी खोटं लिहू व्हय?"

मी वही घेतली आणि तिचा हात पुरणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवली. ती रडली नाही. नुसती फळीकडं बघत उभी राहिली. आतून सून म्हणाली, "मामा, चौथीतल्या लेकराशी काय भांडण मांडलंय?"

"लेकरू कसलं? माझ्या बापावर गेलीया ती."

"एवढं लांब कशाला जाता, मामा?"

मी नातीला म्हणालो, "चल. डोळ्यानं बघ आणि मग फुली मार."

ऊन अजून होतं. आम्ही ढिगाऱ्यावर चढलो तशी टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली. अंडी जागेवर होती. "मोज," मी म्हणालो. तिनं मोजली. "टोकं कुठं हायत? खाली. जागा कशी? उंच. आता सांग माझं काय चुकलं."

ती ढिगाऱ्याच्या टोकाला जाऊन खाली ओढ्यात बघत राहिली.

"आबा, कोरड्या साली ती कुठं घालायची?"

"खाली. ओढ्यात. खड्यांत."

"आता खाली खडे कुठायत?"

मी तिच्याशेजारी जाऊन बघितलं. खाली नुसता काळा खडक होता, त्यावर पोकलेन मशीनच्या दातांच्या रेघा. त्याच उन्हाळ्यात ओढा खोल केला होता. खडे, वाळू, गाळ, सगळं आमच्या कडंला टाका म्हणून मी दोन दिवस उन्हात त्या ड्रायव्हरजवळ उभा होतो. मला बांधाला भर पाहिजे होती. दुसऱ्या कडंच्या शेतकऱ्यानं थोडं मागितलं तर मी त्याला हाकलून लावलं होतं. ओढ्यातला खडा न् खडा आमच्या पायाखाली होता. त्या पाखरानं दुसरीकडं जायचं कुठं?

"चल," मी म्हणालो. "अंधार पडंल."

"ऊन हाय की अजून."

वाटभर मी तिच्या पुढं झपाझप चालत राहिलो. राग तिचा नव्हता. गुरुजींचा, डेअरीवरच्या त्या माणसाचाही नव्हता. साठ वर्षं मी अंडी मोजत आलो, टोकं बघत आलो, आणि खडे माझ्याच हुकमानं वर आले हे मला नऊ वर्षांच्या पोरीनं दाखवावं? त्याहून दुसरं जास्त टोचत होतं. पुढच्या साली टिटवी परत इथंच बसणार. त्याच्या पुढच्या सालीही. पाऊस पडो का न पडो. मग मी काय बघून सांगायचं? बापानं एवढं एकच शिकवलं होतं मला.

रात्री भाकरी गोड लागली नाही. वही फळीवरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही खाली काढून नातीच्या दप्तरात ठेवली, टोपी घातली आणि तिच्याआधी शाळेत जाऊन बसलो. सभा भरली. डेअरीवरचा तो माणूसही आला होता. गुरुजी बोलायच्या आत मी उभा राहिलो आणि सांगितलं, "म्या अंडी मोजली. खडे कुठनं कुठं गेले ते बघितलं न्हाय. ते म्याच वर टाकून घेतलेत."

मागून आवाज आला, "मग पाऊस कधी येणार, बापू?"

"मला ठाऊक न्हाय."

कुणी हसलं नाही. मी नातीला म्हणालो, वाच, एकही फुली गाळू नको. तिचं वाचून होईपर्यंत मी उभाच राहिलो. मग गुरुजींकडनं फूटपट्टी मागून घेतली आणि तिच्या वहीत शेवटी अजून एक रकाना पाडायला लावला: जागा पहिल्यासारखी हाय का.