बिनफोडणीचे पंधरा दिवस

हापशाचा दांडा निसटून ह्यांच्या तोंडावर बसला, त्याला कारण मी. नव्वदच्या आसपास आम्ही मीरा रोडला राहायला आलो, तेव्हा नळाला पाणी नावापुरतंच यायचं. घरात चार बादल्या भरलेल्या होत्या, तरी मी म्हटलं, "अजून एक आणा." हे निमूट गेले. माझ्यापुढे बोलायची सोय होती का कुणाची?

मी खाली धावले तेव्हा ह्यांच्या नाकातोंडातून रक्ताची धार लागली होती. मी नाकाशी कांदा धरला आणि ह्यांची मान मागे केली. रक्त सगळं घशात गेलं. समोरच्या गुजराती शेजारणीने रिक्षा आणली म्हणून वेळेत पोचलो. डॉक्टर मला ओरडले ते मी खाली मान घालून ऐकून घेतलं. आयुष्यात तेवढं एकदाच.

आत रक्तवाहिनी फुटली होती. ती बंद केली, नाकात पट्ट्या ठासल्या, रक्त चढवलं. चौथ्या दिवशी पट्ट्या काढून घरी सोडलं, पण बजावून: पंधरा दिवस जोराची शिंक येता कामा नये, पुन्हा रक्त सुटेल.

आता ह्यांची शिंक काय सांगावी. तळमजल्यावर शिंकले तर मला तिसऱ्या मजल्यावर कळायचं, आले कामावरून. आणि तेलात लाल मिरची पडली की शिंक ठरलेली. म्हणून मी फोडणीच बंद केली. साधं वरण, उकडलेला दुधी. हे मुकाट खायचे आणि वर म्हणायचे, "छान झालंय." खोटारडा माणूस.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, समोरूनही फोडणीचा वास येत नाहीये. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडायच्या, इकडचं बोलणं तिकडे ऐकू जायचं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. उलट वर्षभर कचऱ्याच्या डब्यावरून भांडत होते. विचारलं तर म्हणाली, "पंद्रह दिन वघार नहीं किया तो कौन मर जाएगा?" आणि तिने जीभ चावली.

ह्यांनी नाक नुसतं खाजवलं तरी मी हातातलं टाकून धावायचे.

सोळाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता खुशाल शिंका. घरी येताच हे म्हणाले, "आमटीला फोडणी घाल."

"राहू दे ना आज."

"घाल गं. कधीतरी घालावीच लागेल."

मी मिरची टाकली. शिंक आली, नेहमीसारखी, घर दणाणून सोडणारी. ह्यांनी रुमाल स्वतः न बघताच माझ्यापुढे धरला. मी तो दोन्हीकडून पाहिला. पांढरा होता. मग मी तिथंच, गॅससमोर, मोठ्याने रडले.

"मीच पाठवलं होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले. "चार भरलेल्या होत्या." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तेवढ्यात डक्टमधून राईची तडतड ऐकू आली. शिंक तिनेही ऐकली होती.