इनामदार मॅडमच्या विरोधात

१७ जून, मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. दौंडमधल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात मी एका लग्नपत्रिकेतली नावे तिसऱ्यांदा तपासत होतो. गेल्या वर्षीची गोष्ट आहे. त्या वेळी प्राध्यापिका नसीमबानू इनामदार दुकानात आल्या आणि त्यांनी हाताने लिहिलेला एक कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर मजकूर होता : ‘विद्यापीठातल्या शिक्षणाचा खर्च सरकारने करावा का? तळेगाव ढमढेरे येथे बाजाराच्या दिवशी जाहीर वाद. कोणीही बोलावे.’

मी टाइप करून प्रत पुढे केली. मॅडमनी ती वाचली आणि विचारले, “तुझं मत काय?”

“मला मत नाही, मॅडम. बी.ए.चं पहिलं वर्ष झालं आणि सोडलं.”

“मग तर पाहिजेच. कॉलेज कसं असतं ते आत बसलेले सगळेच सांगतात. बाहेर राहिलेला कुणी बोलतच नाही.”

मॅडमना पंचाहत्तरावे वर्ष लागल्याबद्दल निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी लिहीत आहेत, मोठ्या पदांवर गेलेले विद्यार्थी लिहीत आहेत. मी त्यांच्या वर्गात एक दिवसही बसलेलो नाही. तरी मला लिहायला सांगितले, याचा आनंद इतका आहे की पहिला परिच्छेद मी पाच वेळा लिहिला.

मॅडमनी दौंडमध्ये अर्थशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर दौंड आणि शेजारच्या तालुक्यातल्या गावांत हे वाद सुरू केले. त्यांचा नियम एकच : प्रत्येकाने स्वतःच्या मताच्या विरुद्ध बोलायचे, आणि असे बोलायचे की ज्याचे ते मत आहे त्याने मान डोलावली पाहिजे. मॅडम आधी दोघांना समोरासमोर बसवून खरे मत काढून घेतात. माझेही काढले. मी म्हणालो, सगळ्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने करावा, कोणाकडे काही मागू नये. मॅडम म्हणाल्या, ज्याची ऐपत आहे त्याने भरावे आणि ज्याची नाही त्याची फीच नव्हे, खोली, डबा, एस.टी.चे भाडेसुद्धा सरकारने द्यावे.

“छान,” त्या म्हणाल्या. “आता तू माझं बोलायचं, मी तुझं बोलणार. पण तुझं मत असं का, ते सांग.”

मी सांगितले. आमचे आजोबा मेंढरे घेऊन फिरायचे. वडिलांनी भांडगावला शेती धरली, आणि ती हायवेला लागून आहे. फी माफीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला मी एका कचेरीत गेलो होतो. मागे रांगेत माझ्या वर्गातली मुले-मुली होती. खिडकीतले कारकून मोठ्याने म्हणाले, “हायवेला जमीन हाय, आन् गरिबीचा दाखला कशाला पायजे रं?” मागून कोणीतरी हसले. मी कागद परत घेतले आणि पुन्हा त्या खिडकीवर गेलो नाही. दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला नाही तो असा.

मॅडमनी ऐकून घेतले. त्या वाईट वाटल्याचे काही बोलल्या नाहीत. “प्रवेश किती तारखेपर्यंत सुरू आहेत?” एवढेच त्यांनी विचारले.

बाजाराच्या दिवशी तळेगावचे सभागृह भाजीच्या पिशव्यांनी भरले होते. मी आधी बोललो. “आमच्याकडच्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा चारचाकीतून कॉलेजला येतो. त्याची फी कोणी भरायची? खुरपायला जाणारी बाई तेल-साबण घेताना कर देते. त्या करातून?” मागच्या बाजूला बायका होत्या, त्यांच्यात कुजबुज झाली. पुढच्या रांगेत मेथीच्या जुड्या मांडीवर घेतलेले एक आबा होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, “पोरगं बारीक हाय, पर बोलतंय नेमकं.” माझा एकही मुद्दा सुटला नाही.

मग मॅडम उठल्या.

“पहिलीच्या वर्गात बागायतदाराचं आणि मजुराचं पोर एका सतरंजीवर बसतं. तेव्हा दारात कुणी विचारतं का, तुझा बाप किती कमावतो? मग कॉलेजच्या दारात का विचारायचं? फक्त गरिबालाच द्यायचं ठरवलं की त्याला आधी चारचौघांत सांगावं लागतं, मी गरीब आहे. काही पोरं ते सांगत नाहीत. ती घरी जातात. त्यांची मोजदाद कुठल्याच सरकारकडे नाही. श्रीमंताची फी वसूल करायची तर त्याच्या कमाईवर कर लावून करा. त्याच्यासाठी गरिबाला खिडकीसमोर उभं करू नका.”

त्यांनी माझे नाव घेतले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. पण माझ्या मनातले इतके नीट मला स्वतःला कधी सांगता आले नव्हते. मी मान डोलावली.

आबा उठून उभे राहिले. “मॅडम, म्हंजी मगाशी ह्यो बोलला ते खोटं व्हय?”

“नाही आबा. ते माझं मत आहे.”

“आन् तुम्ही बोलला ते?”

मॅडमनी माझ्याकडे बोट केले. “ते यांचं.”

आबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “मग आपापलं बोलायला काय झालं हुतं? उगं माझी गावाकडची एक जीप गेली की.”

सभागृहात हशा पिकला. मॅडमसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसल्या.

परत येताना जीपमध्ये त्यांनी विचारले, “उद्या खिडकीवर जाशील?”

“मॅडम, दाखला मागावा लागेल.”

“मागायचा. नियम बदलायचा तेव्हा बदलेल, तोपर्यंत हे वर्ष थांबणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासोबत आल्या आणि बाहेरच्या बाकावर पेपर उघडून बसल्या. मी म्हणालो, तुम्ही आत येऊन एक शब्द टाकला तर काम लगेच होईल.

“म्हणूनच येणार नाही. मग तो दाखला माझ्या ओळखीचा होईल. तुझा झाला पाहिजे.”

खिडकीत तेच कारकून होते आणि त्यांचा प्रश्नही तोच होता. मी म्हणालो, “अठरा गुंठे हाय साहेब. उताऱ्यावर बघा.” आवाज मागच्या रांगेला ऐकू जाईल इतका मोठा होता. या वेळी हसले असेल कोणी, तर मी ऐकले नाही. दुपार होईपर्यंत मॅडम त्या बाकावर होत्या. नंतर दाखला मिळाला, आणि मुदत संपायच्या आत प्रवेशही झाला.

या लेखात काय लिहू, असे मी त्यांना विचारले होते. “माझं मत चुकीचं आहे असं लिही,” त्या म्हणाल्या. “कौतुक वाचून झोप येते.”

म्हणून लिहितो. मॅडम, तुमचे मत चुकीचे आहे. ज्या मुलासाठी बाकावर बसणारे कोणी नाही, तो आजही त्या खिडकीवरून परत जात असेल. विद्यापीठाचे दार शाळेच्या दारासारखेच असावे आणि खर्च सरकारने करावा. मात्र डब्याचे आणि भाड्याचे तुमचे म्हणणे मला आता पटले आहे, कारण फी माफ झाल्यावर मला ते कळले.

त्या वर्षाचा हिशोब असा. शिक्षण शुल्क : सरकारने भरले. पास, पुस्तके, डबा आणि इतर : नऊ हजार सहाशे चाळीस रुपये, माझ्या पगारातून. देणे : तळेगावहून परतीचे जीपचे भाडे, साठ रुपये, मॅडमनी दिलेले. ते परत करायला गेलो तर म्हणाल्या, पदवी घेऊन ये, तेव्हा घेईन. पदवीला अजून एक वर्ष आहे, आणि त्यापुढे मला एम.ए. करायचे आहे. मॅडमनी दोन्ही पदव्या हातात घेऊन तपासाव्यात, त्यानंतरही पुष्कळ वर्षे तब्येत सांभाळून माझ्या विरोधात बोलत राहावे. साठ रुपये मी वेगळे ठेवले आहेत.