गोवऱ्यांची वरची ओळ

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात औषधं बनतात असं बाहेरच्या पाटीवर लिहिलंय. पण दुपारी डबे उघडले की पॅकिंगच्या बायका एकीचं दुसरीला सांगत सुटतात, आणि माझ्यापर्यंत पोचेतो प्रत्येक गोष्टीला शेपूट फुटलेलं असतं. अशी शेपटं माझ्याकडे इतकी साठलीत की कपाट लागेल. त्यातली व्यायामाची तेवढी आज सांगते, कारण त्यांत मी स्वतः होते. शेपूट लावलं असेल तर ते माझंच.

*

मी इथली वेल्फेअरची बाई. म्हणजे पाळणाघर बघायचं, तक्रारी ऐकायच्या, संडासाला कडी नसेल तर ती बसवून घ्यायची. एक दिवस आमचे मोठे साहेब विलायतेहून आले ते डोक्यात व्यायाम घेऊनच. तिकडे म्हणे काम थांबवून सगळे हातपाय हलवतात, त्यामुळे मान धरत नाही, कंबर धरत नाही. आपल्याकडेही सुरू करायचं.

"घेणार कोण?" मी विचारलं.

"तुम्हीच."

"साहेब, मी? माझ्याकडे बघितलंत का?"

"बघूनच म्हणतो. तुम्हाला बघून कुणाला संकोच वाटणार नाही."

घरी सांगितलं. आमचे हे स्टोअर्समध्ये आहेत, फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "जिना चढून आलीस की आधी दम खा, मग शिकव."

*

पहिल्या दिवशी मी ऐटीत म्हटलं, "हात वर!"

एकही हात वर गेला नाही. नऊवारी नेसलेल्या पन्नासेक बायका माझ्याकडे बघत उभ्या. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा ओरडले. तरी तेच. शेवटी पुढची एक हळूच म्हणाली, "बाई, पदर सुटंल. आन् तिकडून सुपरवायझर बघतोय."

काचेपलीकडे सुपरवायझर खरंच बघत होता. बिचारा मलाच बघत असणार, व्यायाम घेणारी बाई त्यानं आयुष्यात प्रथमच पाहिली होती. मी खोक्यांचा तपकिरी कागद आणवला, सगळी काच झाकली, प्रत्येकीला पदर खोचायला लावला. मग हात असे वर गेले, की ज्वारीचं शेत उभं राहावं.

त्या शेतात एकच ताट मोडलेलं होतं. चिंचवड गावठाणातली अनसूया. डावा हात आभाळात आणि उजवा खांद्याशीच अडकलेला.

"वर घे की गं."

"येवढाच येतो, बाई."

दुखतंय म्हणून तिनं तो हलवायचाच सोडला होता. वेणीसुद्धा सासू घालायची. आणि अनसूया अजून टेंपररी होती. पाडव्याच्या आधी डॉक्टर तपासणार आणि मगच कायम करणार. पॅकिंगमधल्या कायम बाईला भरलेली खोकी डोक्यावरच्या फळीवर चढवावी लागतात, म्हणून डॉक्टर पहिल्यांदा हातच वर करायला सांगायचे. घरची जमीन कारखान्यांच्या रस्त्यात गेलेली, नवरा बिगारी. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, हात न्हाई गेला तर काढत्याल का हो?"

मी म्हटलं, "छे गं." पण मला माहीत होतं, काढतील.

*

तिच्यावर लक्ष राहावं म्हणून मी तिला पहिल्या ओळीत, मधोमध उभी केली. आता माझी उंची अशी, की मागच्या बायकांना मी दिसतच नाही. त्यांना दिसायची अनसूया. तिचं बघून सगळ्यांनी डावा हात पूर्ण वर आणि उजवा अर्धा, असा व्यायाम सुरू केला. माझ्या आठवडाभर लक्षात आलं नाही. मी पुढच्या ओळीकडेच बघत होते ना.

त्यात साहेब मुंबईचे पाहुणे घेऊन आले. पाहुण्यांनी सगळं नीट पाहिलं आणि म्हणाले, "उजवा हात अर्धाच ठेवतात, त्याचं काय शास्त्र?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं.

"उजव्या हातानं काम जास्त होतं," साहेब म्हणाले, "म्हणून त्याला थोडी विश्रांती."

पाहुण्यांनी तिथल्या तिथे करून बघितलं आणि म्हणाले, बरं वाटतं.

*

एक मात्र खरं, या व्यायामापायी मला माणसाच्या शरीराचं भलतंच कुतूहल लागलं. चालताना उजवा पाय पुढे गेला की डावा हातच का पुढे जातो? मी मुद्दाम उजवा पाय, उजवा हात असं चालून बघितलं, तर स्टेशनवरच्या हमालानं विचारलं, "बाई, काही लागलं का?"

दुसरं म्हणजे, या बायका जमिनीवर मांडी घालून बसतात आणि हात न टेकता सरळ उठतात. कशा उठतात? गुडघा आधी की कंबर? मी रोज बघायची, पण कळेपर्यंत त्या उठलेल्या असायच्या. एका रविवारी दार लावून घरी करून बघितलं. बसले छान. उठायला गेले तर पुढे वाकलं की मागे जाते, मागे झुकलं की अजून मागे जाते. हात टेकायचे नाहीत असा हट्टही माझाच. शेवटी ह्यांनी दार ढकललं. मी जमिनीवर, तोंड लाल.

माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बस तिथेच. ताट इकडेच आणतो."

*

अनसूयेला मी आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रोज पुण्याहून गाडीनं येतात. माणूस हुशार, पण कडक. त्यांनी तिचा हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "मोडलेलं काही नाही. दुखतं म्हणून हलवला नाही, हलवला नाही म्हणून सांधा आखडला. रोज भिंतीकडे तोंड करून उभी राहा, बोटं भिंतीवर चालवत वर ने. कालच्यापेक्षा आज थोडं वर. दुखेल. तरी करायचं."

"आन् पाडव्यापतोर जाईल का वर?"

"करशील तर जाईल. नाही गेला तर मी काही खोटं लिहिणार नाही."

बोलताना मी बघत होते. भर थंडीचे दिवस, आणि डॉक्टरांचा कोट उजव्या खांद्यावर नुसता टाकलेला, बाही रिकामी.

"डॉक्टर, कोट नीट घाला की. गारठा आहे."

"उकडतंय," ते म्हणाले आणि डाव्या हातानं चिठ्ठी पुढे सरकवली.

बाहेर आल्यावर अनसूया म्हणाली, "नुसती बोटं भितीवर चालवायची? सासू म्हनंल, सून येडी झाली."

*

तिचं काय चाललंय बघायला म्हणून मी एकदा चिंचवडात तिच्या घरी गेले. गोठ्याच्या भिंतीपाशी सासू तक्रार घेऊन तयारच होती.

"बघा की बाई तुमीच. खाली येवढी मोकळी भित पडलीय, आन् ही वर वर थापत चाललीय. वाळल्याव काढायची कुनी? म्या का शिडी लावू?"

भिंतीवर गोवऱ्यांच्या ओळी होत्या. सगळ्यात खालची कमरेशी, तिच्यावरची छातीशी, मग खांद्याशी, आणि ताजी, ओली ओळ अनसूयेच्या कपाळाच्या रेषेत. शेणाचा गोळा उजव्या हातात घेऊन ती भिंतीला हात घासत वर नेत होती, डोळ्यांत पाणी, आणि थाप मारताना एक सणसणीत शिवी.

"कुणाला गं?"

"डाक्टरला. शिवी दिली की हात वाईच वर जातो, बाई."

मी घरी येऊन करून बघितलं. खरंच जातो. शिवी कुणाला दिली ते मात्र ह्यांनी विचारू नये.

*

पाडव्याच्या आधी तपासणी झाली. मीही आत गेले. डॉक्टर म्हणाले, "हात वर."

अनसूयेचा हात कानापर्यंत गेला आणि थांबला. घाबरून अंगच आखडलं होतं. डॉक्टरांनी पेन उचललं.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिला जरा भिंतीकडे तोंड करू द्या."

"कशाला?"

"करू द्या."

अनसूया वळली. सवयीनं खाली वाकली, काही नसताना हातात काहीतरी उचललं, तळवा भिंतीवरून सरकवत वर नेला आणि डोक्याच्याही वर अशी थाप मारली, की खिळ्यावरचं कॅलेंडर खाली पडलं. ओठ हलले, पण शिवी तिनं गिळली. मी तिची आभारी आहे.

डॉक्टर कॅलेंडर उचलायचं विसरले. "परत कर."

तिनं परत केलं.

"आणखी एकदा."

"डॉक्टर, झाली ना ती पास?" मी विचारलं.

"केव्हाच," ते म्हणाले. सही केली, कागद माझ्याकडे दिला, तरी डोळे भिंतीवरच. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "घर कुठेशी हिचं?"

*

अनसूया कायम झाली म्हणून पाडव्यानंतर तिनं मला पुरणपोळीला बोलावलं. वेणी तिची तिनंच घातली होती, जरा वाकडी. जेवण झालं आणि मी हात धुवायला गोठ्याकडे गेले.

भिंतीवरच्या जुन्या गोवऱ्या काढून झाल्या होत्या. नव्या ओळी होत्या. सगळ्यात खालची कमरेशी, मग छातीशी, मग खांद्याशी. गोवऱ्या वेड्यावाकड्या, काही भिंतीवरून घसरलेल्या. पंजा बायकांचा वाटत नव्हता, आणि प्रत्येक गोवरीत एका बोटापाशी अंगठीचा खड्डा.

"या कुणी थापल्या?" मी विचारलं.

अनसूयेनं तोंडाला पदर लावला आणि चुलीकडे पळाली.

"हाय येक पाव्हना," सासू म्हणाली. "आयतवारच्या आयतवार येतो पुन्याहून गाडीनं. थापतो लई वंगाळ. पर डाक्टरला शिव्या काय झ्याक देतो, बाई."